खडा बदलला कुणी?

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या गावांच्या जुन्या व्यापारी घरांत दागिन्यांचा डबा उघडला, की लाल खड्याची एखादी जाड अंगठी पुष्कळदा हाती लागते. कुणी ती पणजोबांची म्हणून सांगतो, कुणी आजीच्या लग्नातील म्हणून. तिच्याविषयी घरात एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते: ‘हे अस्सल बर्मी माणिक आहे.’ या वाक्याला पावतीचा आधार नसतो. वडिलधाऱ्यांचा शब्द हीच त्याची पावती.

मग एखादे दिवशी वाटणीचा प्रसंग येतो, नातीचे लग्न ठरते किंवा पैशाची निकड भासते. अंगठी नागपूर-मुंबईच्या पारख्याकडे जाते. तो भिंगातून दोन क्षण पाहतो आणि सांगतो, की सोने चांगले आहे, पण खडा सिंथेटिक आहे. घरावर मळभ येते. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच क्षणी संशय जागा होतो. अंगठी मध्यंतरी कुणाच्या हाती होती? दुरुस्तीला कोणत्या सोनाराकडे दिली होती? धाकट्या सुनेकडे ती किती वर्षे होती? पणजोबांनी घेतलेले माणिक तर खरेच असणार, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी खडा बदलला, असा निष्कर्ष फारशा विचाराविना काढला जातो. तो मोठ्याने बोलला जात नाही, पण सणासुदीच्या पंगतीत नजरांतून फिरत राहतो.

या निष्कर्षाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. प्रयोगशाळेत रत्ने घडवणे ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील गोष्ट आहे, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः कृत्रिम माणिक शंभर वर्षांहून अधिक जुने आहे. पणजोबांनी अंगठी घडवून घेतली, त्याच दिवशी तिच्यात प्रयोगशाळेतील माणिक बसलेले असू शकते. मग मधल्या काळात कुणी काही बदलले, असे मानण्याचे कारणच उरत नाही. म्हणून कुणाकडे बोट दाखवण्यापूर्वी त्या खड्याची जन्मकथा जाणून घेणे अगत्याचे आहे.

माणिक म्हणजे काय, येथून आरंभ करावा लागतो. शास्त्राच्या दृष्टीने माणिक हे कुरुंद या खनिजाचे पारदर्शक व लाल रूप होय. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम व प्राणवायू यांचे संयुग. शुद्ध असता ते रंगहीन असते. त्यात क्रोमियमचा अत्यल्प अंश मिसळला, की ते माणिक होते. लोह व टायटॅनियम मिसळले, की नीलम होतो. कठिणपणाच्या दहा अंकी मापनात हिरा दहावा आणि कुरुंद नववे. धार लावणाऱ्याच्या चाकात ज्या कुरुंदाचा वापर होत आला, ते आणि राजमुकुटातील माणिक ही एकाच कुळातील भावंडे आहेत. संस्कृतात माणकाला ‘कुरुविंद’ हे नाव आहे आणि इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्दही भारतीय भाषांतूनच गेलेला आहे.

भंडारा जिल्ह्यातील वाचकांना हे खनिज परके वाटू नये. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी सर्वांना ठाऊक असतात. परंतु लाखनी तालुक्यातील पोहरा परिसरात सिलिमनाइट या खनिजाच्या जोडीने कुरुंद सापडते, हे भूशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवून ठेवले आहे. हे कुरुंद दागिन्यात जडवण्याच्या योग्यतेचे नव्हे, उद्योगांत उपयोगी पडणारे आहे. तरी माणकाचे मूळ द्रव्य या जिल्ह्याच्या भूमीत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मातीत विपुल असलेल्या मूलद्रव्यांपासून निसर्ग क्वचितच रत्न घडवतो. त्यासाठी उष्णता, दाब, अशुद्धीचे नेमके प्रमाण आणि लक्षावधी वर्षांचा अवधी लागतो. या योगायोगाची दुर्मिळता हीच माणकाची किंमत.

हा योगायोग भट्टीत घडवून आणावा, असा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झाला. एदमाँ फ्रेमी या रसायनशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये माणकाचे बारीक स्फटिक तयार केल्याचे जाहीर केले. ते इतके लहान व पातळ होते, की दागिन्यात बसवण्याजोगे नव्हते. पुढे १८८५-८६ च्या सुमारास युरोपच्या बाजारात मोठाली, सुंदर माणके अचानक दिसू लागली. ती जिनिव्हाकडून आल्याचे सांगत. आरंभी ती खाणीतील म्हणूनच विकली गेली. संशय आल्यावर तपासणी झाली आणि ती मानवनिर्मित ठरली. पॅरिसच्या रत्नव्यापाऱ्यांच्या संघाने तेव्हा निर्णय दिला, की असा माल विकताना तो कृत्रिम असल्याचे सांगितलेच पाहिजे. वस्तू बाजारात आली त्याच्या पाठोपाठ तिच्याविषयी खरे बोलण्याचा नियमही आला. अडचण एवढीच, की वस्तू जगभर गेली आणि नियम तिच्याबरोबर सर्वत्र पोचला नाही.

या क्षेत्रातील खरी क्रांती फ्रेमी यांचे शिष्य ऑगुस्त व्हेर्नुई यांनी केली. आपल्या पद्धतीचे टिपण त्यांनी १८९१ व १८९२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे मोहोरबंद पाकिटांत ठेवले होते. १९०२ मध्ये त्यांनी ती पद्धत जाहीर केली आणि १९०४ मध्ये तिचा सविस्तर तपशील प्रसिद्ध केला. तिचे तत्त्व सोपे आहे. तुरटीच्या वर्गातील क्षारापासून ॲल्युमिनियम ऑक्साइडची अत्यंत बारीक व शुद्ध भुकटी तयार करतात आणि तिच्यात क्रोमियमचा अंश मिसळतात. ही भुकटी वरच्या डब्यातून, हातोडीच्या हलक्या ठोक्यांबरोबर, हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या ज्वाळेतून खाली पडते. सुमारे २०५० अंश सेल्सिअसला तिचे कण वितळतात आणि खालच्या दांडीवर थेंबाथेंबाने साचून थिजतात. दांडी हळूहळू खाली सरकवत राहिले, की गाजरासारखा निमुळता स्फटिक वाढतो. व्हेर्नुईंच्या मूळ उपकरणात सुमारे दोन तासांत बारा ते पंधरा कॅरटचा स्फटिक तयार होई. निसर्गाला ज्याला युगे लागतात, ते काम सकाळच्या दोन तासांत उरकू लागले.

उत्पादनाचे आकडे पाहिले, म्हणजे जुन्या अंगठ्यांचे कोडे उलगडू लागते. १९०७ च्या सुमारास अशा माणकांचे वार्षिक उत्पादन पन्नास लक्ष कॅरट, म्हणजे सुमारे एक हजार किलो झाले होते. १९१० च्या आसपास लोह व टायटॅनियम वापरून कृत्रिम नीलम साधला. १९१३ पर्यंत वर्षाला एक कोटी कॅरट माणिक व साठ लक्ष कॅरट नीलम तयार होऊ लागले. १९१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँते या गावी ह्रांद जेवाहिर्जियन नावाच्या आर्मेनियन उद्योजकाने कारखाना काढला. त्याच्या आडनावात आपल्या ओळखीचा ‘जवाहीर’ हा शब्दच दडलेला आहे. एवढा माल युरोपातील राजघराण्यांपुरता राहणे शक्यच नव्हते. तो जगभरच्या जवाहीर बाजारांत पसरला. खुद्द ब्रह्मदेशातही तो खाणीच्या मालात मिसळला जाऊ लागला. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, त्यामुळे तिकडून आलेल्या पुडीवर ‘बर्मी’ हे नाव आपोआपच बसे. पुडी बर्मी असली, तरी आतला प्रत्येक नग बर्मी असेलच, याची शाश्वती उरली नव्हती.

हिंदुस्थानात या खड्यांना पैलू पाडण्याचा उद्योगही रुजला. तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली व भोवतालची गावे कृत्रिम खड्यांच्या कामासाठी प्रसिद्ध झाली आणि तेथील असंख्य कुटुंबांनी घरातील सांध्यावर बसून हे काम केले. त्यात लपवण्याजोगे काही नव्हते. तो प्रामाणिक कारागिरांचा प्रामाणिक माल होता. पुढे किती हात बदलले आणि कोणत्या हातात त्याचे ‘सिंथेटिक’ हे विशेषण गळून पडले, हा वेगळा प्रश्न आहे.

कृत्रिम माणकाशी आपला संबंध केवळ दागिन्यांपुरता नाही. एचएमटीची किल्ली देण्याची जुनी मनगटी घड्याळे पुष्कळ घरांत आजही जपून ठेवलेली असतात. ‘जनता’ या घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे शब्द असत. घड्याळातील बारीक चाकांचे आस झिजू नयेत म्हणून ते कठीण व गुळगुळीत माणकांत बसवलेले असत आणि ती माणके याच पद्धतीने बनवलेली. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेल्या त्या घड्याळाला कुणी कधी खोटे म्हटले नाही. तेथे कृत्रिम माणिक आपल्या खऱ्या नावाने व खऱ्या कामासाठी होते.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण सराफा बाजारातील पुष्कळ गोंधळ त्यातून होतो. एक असते नक्कल. लाल काच, किंवा वर गार्नेटचा पातळ तुकडा व खाली काच जोडून केलेला खडा, हा दिसायला माणकासारखा असतो, पण त्याचे द्रव्य वेगळे असते. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जाणारा क्यूबिक झिरकोनिया हीदेखील हिऱ्याची नक्कल होय. दुसरे असते कृत्रिम रत्न. त्याचे द्रव्य, कठिणपणा, घनता, प्रकाश वाकवण्याचा गुण हे सर्व नैसर्गिक रत्नासारखेच असते. फरक असतो तो जन्मस्थानाचा. म्हणूनच वजनाच्या किंवा कठिणपणाच्या कसोटीवर जुने कृत्रिम माणिक उतरते आणि गावातील अनुभवी सोनारसुद्धा त्याला ‘खरे’ म्हणून मोकळा होतो. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या हाती असलेल्या कसोट्यांचे उत्तर तेच असते.

फरक कळतो तो भिंगाखाली किंवा सूक्ष्मदर्शकाखाली. ज्वाळेत वाढलेल्या स्फटिकाचे थर गोलाकार माथ्यावर साचत गेलेले असल्याने त्याच्या आत वक्र रेषा दिसतात. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेघांची आठवण व्हावी अशा. वायूचे बारीक बुडबुडेही आढळतात. खाणीतील माणकात वाढीच्या रेषा सरळ व कोनयुक्त असतात, सुयांसारख्या अतिसूक्ष्म स्फटिकांची रेशमी जाळी असते, इतर खनिजांचे कण अडकलेले असतात. अतिनील प्रकाशात कृत्रिम माणिक निखाऱ्यासारखे लाल चमकते. परंतु ब्रह्मदेशचे अस्सल माणिकही तसेच चमकते, म्हणून केवळ त्या एका खुणेवर निर्णय देऊ नये. मोठा, निर्दोष, गडद लाल खडा साध्या घराच्या अंगठीत असेल, तर हर्षापूर्वी शंका यावी, हे व्यवहारज्ञान मात्र उपयोगी पडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. खडा बदलला गेला की मुळातच तसा होता? हे ठरवण्यास काही साधने आहेत. पहिले साधन काळाचे. माणिक व्हेर्नुई पद्धतीचे असेल, तर ते विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांपूर्वीचे असू शकत नाही; नीलम असेल तर १९१० च्या अलीकडचा; कृत्रिम पाचू तर १९३० च्या दशकापूर्वी बाजाराच्या दृष्टीने नव्हताच. अंगठी १९२० किंवा १९३० च्या सुमारास घडवलेली असल्याचे कौटुंबिक स्मरण, लग्नाचे साल किंवा चोपडीतील नोंद यांवरून समजत असेल, तर तिच्यात आरंभापासून कृत्रिम माणिक असणे पूर्णतः संभवनीय आहे. उलट अंगठी निश्चितपणे १८८० ची असेल, तर आजचा खडा नंतर बसवलेला आहे, हे मान्य करावे लागेल. पण तेव्हाही चोरीच झाली असे सिद्ध होत नाही. खडा निसटून हरवणे आणि घरातीलच कुणी वडिलधाऱ्याने दुसरा बसवून घेणे, ही जुन्या काळी सर्वसाधारण गोष्ट होती.

दुसरे साधन कोंदणाचे. खडा काढून दुसरा बसवताना सोन्याची कड उचलावी व पुन्हा दाबावी लागते. त्या हत्याराच्या खुणा, डाकाचे ठिपके, एका बाजूची ताजी चकाकी हे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. कोंदण सर्व बाजूंनी सारखे झिजलेले असेल, खड्याच्या मापाशी नेमके जुळत असेल, तर तो खडा त्याच कोंदणात जन्मापासून नांदतो आहे, असे मानण्यास बळकट आधार मिळतो. जुन्या अंगठ्यांची पाठ पुष्कळदा बंद असते व खड्याखाली चकचकीत पत्रा असतो. अशा अंगठीची तपासणी अवघड होते, पण म्हणून घाईने कोंदण फोडू नये. त्यातील पुरावाही फुटतो आणि घडणावळही.

हे सर्व तांत्रिक वाटेल, परंतु त्याचा शेवट माणसांपाशी होतो. घरातील जुने दागिने बहुधा सासूकडून सुनेकडे जातात. खडा कृत्रिम निघाला, की जिच्या हाती तो अखेरीस होता, तिच्यावर संशय येतो. आणि ती परक्या घरून आलेली असल्याने तिची बाजू घेणारे कुणी नसते. किंवा ज्याच्या तीन पिढ्यांनी त्या घराचे दागिने घडवले, त्या गावच्या सोनाराचे नाव खराब होते. भिंगातील चार वक्र रेषा आणि कोंदणाची एकसारखी झीज या निर्दोष माणसांच्या बाजूने साक्ष देऊ शकतात. ती साक्ष घेण्याआधीच निवाडा करणे हे असत्य भाषणच होय, मग ते शब्दांत उच्चारलेले असो वा नसो.

किमतीचा विचारही स्वच्छ डोळ्यांनी केला पाहिजे. सोनेतारण कर्ज देताना बँक खड्याला मूल्य देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार केवळ दागिन्यातील सोन्याचे मूल्य धरले जाते. समजा, अंगठीचे ढोबळ वजन ६.२०० ग्रॅम आहे आणि खडा चार कॅरटचा आहे. रत्नाचा एक कॅरट म्हणजे ०.२०० ग्रॅम, म्हणून खड्याचे वजन ०.८०० ग्रॅम वजा होईल व निव्वळ सोने ५.४०० ग्रॅम राहील. ते २२ कॅरटचे असेल, तर त्यात शुद्ध सोने सुमारे ४.९४६ ग्रॅम. माणिक बर्मी असो वा भट्टीतील, तारणाच्या नोंदीत आकडा हाच. सोन्याच्या शुद्धतेचा कॅरट आणि रत्नाच्या वजनाचा कॅरट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही येथेच लक्षात ठेवावे. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने अनिवार्य झालेला हॉलमार्कसुद्धा सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, खड्याची नव्हे.

विक्रीच्या बाजारात मात्र अंतर प्रचंड आहे. उत्तम प्रतीचे नैसर्गिक बर्मी माणिक हिऱ्याच्या तोडीने विकले जाते, तर कृत्रिम माणकाला त्याच्या मानाने नाममात्र भाव येतो. शंभर वर्षांच्या अंगठीला तिच्या घडणीमुळे, काळामुळे वेगळा चाहता मिळू शकतो. १९२० च्या दशकात युरोपात हिऱ्यांच्या जोडीला कृत्रिम माणिक व नीलम उघडपणे वापरून उंची दागिने घडवले गेले आणि आज ते जुन्या दागिन्यांचे संग्राहक जाणीवपूर्वक घेतात. दुसरीकडे ‘नैसर्गिक’ या शब्दानेही हुरळून जाऊ नये. २००४ च्या सुमारापासून भेगाळलेल्या हलक्या माणकांत शिसेयुक्त काच भरून ती विकली जाऊ लागली. ती खाणीतली असतात हे खरे. पण लिंबाच्या रसानेही त्यांतील काच खराब होऊ शकते. त्यापेक्षा पणजोबांच्या अंगठीतील भट्टीचे माणिक कितीतरी टिकाऊ.

सर्वांत नाजूक प्रसंग वाटणीचा. समजा, दोन भाऊ व एक बहीण यांनी आईचे दागिने वाटून घेतले. बहिणीने ‘बर्मी माणिक’ म्हणून अंगठी स्वीकारली आणि तिच्या बदल्यात पाटल्यांवरील हक्क सोडला. दहा वर्षांनी मुलाच्या शिक्षणासाठी ती अंगठी विकू पाहते, तेव्हा सत्य उघड होते. भावांनी फसवले का? नाही, त्यांनाही ठाऊक नव्हते. मग हा केवळ तिच्या नशिबाचा भाग म्हणायचा का? तेही न्याय्य नाही. वाटणी ज्या माहितीवर झाली, ती माहितीच चुकीची होती आणि ती तिघांची सामाईक चूक होती. तेव्हा तिचा भारही तिघांनी समान उचलावा. हिशेबात चूक आढळली, तर जुन्या नोंदीवर खाडाखोड करीत नाहीत. तिच्या खाली दुरुस्तीची नवी नोंद घालतात व खाते जुळवतात. नात्यांच्या खात्यालाही हीच रीत शोभते. भावांनी स्वतःहून ही नोंद घातली, तर त्या अंगठीचे घरातील मोल पूर्वीपेक्षा वाढेल.

जैन परंपरेला या विषयाची ओळख नवी नाही. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीत ठक्कुर फेरू नावाचे श्रीमाळ कुळातील जैन अधिकारी होते. सुलतानाच्या खजिन्यातील रत्ने डोळ्यांखालून घातल्यावर त्यांनी १३१५ मध्ये प्राकृतात रत्नपरीक्षेवर ग्रंथ रचला आणि पुढे १३१८ मध्ये नाण्यांच्या परीक्षेवरही लिहिले. रत्नपरीक्षेचा ग्रंथ त्यांनी आपल्या मुलासाठी लिहिला होता. खजिन्यात काम करणाऱ्या माणसाने पुढच्या पिढीला रत्नांबरोबर, किंबहुना रत्नांच्या आधी, पारख द्यावी, हा त्यातील बोध आजही ताजा आहे.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणलेला आहे. हलकी वा नकली वस्तू अस्सल म्हणून देणे, हा त्याचा आशय. यात सूक्ष्म विवेक आहे. प्रतिरूप घडवणे हा दोष सांगितलेला नाही. त्याचा लबाडीने व्यवहार करणे हा दोष आहे. तिरुचिरापल्लीच्या कारागिराने पैलू पाडले, व्हेर्नुईंनी स्फटिक वाढवला, यात कुणाचे काही चोरलेले नाही. ज्या क्षणी कुणी जाणूनबुजून त्याला खाणीचे नाव दिले, त्या क्षणी अतिचार घडला. हीच कसोटी घरालाही लागू होते. खडा कृत्रिम असल्याचे कळल्यावर तीच अंगठी ‘बर्मी माणिक’ म्हणून मुलीच्या सासरी देणे, हा अजाणता घडलेल्या चुकीचा पुढचा भाग राहत नाही. तो नवा दोष होतो.

हा विवेक यापुढे अधिकच लागणार आहे. प्रयोगशाळेतील हिरा अमेरिकेत १९५४ मध्ये प्रथम खात्रीने साधला. आज सुरतेत त्याचा मोठा व्यवसाय उभा आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांवरील संशोधनासाठी आयआयटीला अनुदान जाहीर झाले आणि त्याच वर्षी भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीस साडेसात कॅरटचा प्रयोगशाळेतील हिरा भेट दिला. तो प्रयोगशाळेतील आहे, असे सांगूनच दिला. आज लग्नात मुलीला असा हिरा देण्यात कमीपणा नाही. परंतु त्याची पावती व प्रमाणपत्र त्या डबीतच राहिले पाहिजे. नाही तर आणखी साठ वर्षांनी तिच्या नातसुनेला विचारले जाईल, की खडा बदलला कुणी?

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक साधे काम करावे. जुन्या दागिन्यांची यादी करावी, प्रत्येकाचे ढोबळ व निव्वळ वजन, खड्याचे माप, कुणाकडून आला व अंदाजे कोणत्या साली, हे लिहावे, छायाचित्र जोडावे. मोठ्या खड्याची तपासणी वाटणीच्या आधी करून घ्यावी, नंतर नव्हे. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत. जयपूरची रत्न परीक्षण प्रयोगशाळा १९७२ पासून हे काम करीत आहे आणि मुंबईतही सोय आहे. तपासणीचा अहवाल सर्व वारसांच्या समक्ष वाचावा व त्यावर सर्वांनी सह्या कराव्यात. ज्या अंगठीत भट्टीचे माणिक निघेल, ती मोडू नये आणि तिच्यात दुसरा खडाही बसवू नये. तिच्या नोंदीत इतकेच लिहावे: ‘पणजोबांची अंगठी, सुमारे १९२५, सोने २२ कॅरट, माणिक प्रयोगशाळेतील, मूळचेच.’ त्यातील ‘मूळचेच’ हा शब्द विसरू नये. घरातल्या एखाद्या सुनेचे किंवा गावातल्या एखाद्या सोनाराचे नाव त्या एका शब्दाने निष्कलंक राहते.